खानावळीचे तारे आणि ज्वारीची भाकरी

मंडळी, परभणीच्या बाजाराला गेलात, भूक लागली, तर खानावळ कशी निवडता? कुणाला तरी विचारता. तो सांगतो, "भाकरी गरम, पिठलं झणझणीत. जा बिनघोर!" झाली परीक्षा. हीच परीक्षा छापील पुस्तकात उतरली ती दूर फ्रान्समध्ये, आणि तीही एका टायरच्या कंपनीमुळे!

१९०० साली मिशलिन कंपनीने मोटारवाल्यांसाठी एक पुस्तिका काढली. सुमारे ३५,००० प्रती फुकट वाटल्या. लोक जितके हिंडतील तितके टायर झिजतील, हा त्यातला व्यवहार. १९२६ पासून उत्तम उपाहारगृहाला तारा मिळू लागला. पुढे तीन ताऱ्यांपर्यंत चढण झाली. तीन तारे म्हणजे या जेवणासाठी मुद्दाम प्रवास करावा! परीक्षक ओळख लपवून जेवी, बिल भरी. चवीपुरता हा न्याय चोख. पण धान्य कोणत्या रानातलं, पाणी किती लागलं, खरकटं कुठं गेलं, हे तो तारा विचारीत नसे. त्यासाठी निराळा हिरवा तारा निघाला तो २०२० साली.

आपल्याकडेही पाहा. सरकारी स्वच्छता-श्रेणी स्वयंपाकघराची स्वच्छता तपासते. मोबाइलवरचे तारे गिऱ्हाईक देते, ते चव, दर आणि तत्परता पाहून. मग जमिनीचं आणि पाण्याचं कोण पाहणार?

परभणीत हा प्रश्न साधा नाही. येथील कृषी विद्यापीठ स्थापन झाले १९७२ साली, दुष्काळाच्या दिवसांत. याच विद्यापीठाने पुढे 'परभणी मोती' आणि २०१८ साली लोह व जस्त अधिक असलेली 'परभणी शक्ती' ही ज्वारीची वाणं दिली. रब्बीची ज्वारी काळ्या रानातल्या ओलीवर येते. दाणा माणसाला, कडबा गुरांना. ती भाकरी वाढणाऱ्या बाईच्या खानावळीला या गुणाचा एकही तारा नाही.

पण न्याय म्हणजे आपल्या माणसाला झुकतं माप नव्हे. तिच्या चुलीत लाकूड जळत असेल, धुरानं तिचेच डोळे चुरचुरत असतील, तर तेही मोजलं पाहिजे.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांकडून गावातल्या खानावळीसाठी चार प्रश्न लिहून घ्या: धान्य कुठलं, पाणी किती, जळण कोणतं, खरकटं कुठं? आणि कुणी तारे दाखवले, तर आधी विचारा, "हे कशाचे?" तराजू पाहिल्याशिवाय वजन मानू नये, हे बाजारात आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.