सहावा महिना: त्रास कमी, म्हणून तपासणी टाळू नका (२१ ते २७ आठवडे)

उलट्या थांबलेल्या असतात, जेवण जाऊ लागलेले असते, पोट दिसू लागते पण अजून जड झालेले नसते. गरोदरपणातले २१ ते २७ हे आठवडे बहुतेक स्त्रियांना सर्वांत सुखाचे वाटतात. म्हणूनच याच काळात तपासणी पुढे ढकलली जाते. 'काही त्रास नाही, मग पुढच्या महिन्यात जाऊ' असे घरातलेही म्हणतात.

मी जनरल प्रॅक्टिशनर आहे. गरोदर स्त्रिया नेहमीच्या तपासणीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जातात आणि सर्दी, पित्त, डोकेदुखीसाठी माझ्याकडे येतात. 'उन्हाने डोके दुखतेय, एखादी गोळी द्या' असे म्हणणाऱ्या सहाव्या महिन्यातल्या स्त्रीचा रक्तदाब १६०/११० भरलेला मी पाहिला आहे. तिला गोळीची नाही, त्याच दिवशी रुग्णालयात दाखल होण्याची गरज होती. या काळातले नेहमीचे त्रास कोणते आणि धोक्याचे कोणते, हा फरक प्रत्येक घरात माहीत असायला हवा.

बाळाची वाढ

२४व्या आठवड्यात बाळाचे वजन साधारण ६०० ते ६५० ग्रॅम असते. २७ आठवडे पूर्ण होईपर्यंत ते एक किलोच्या आसपास पोचते. बाळाला आवाज ऐकू येऊ लागतात. फुप्फुसे मात्र अजून अपरिपक्व असतात.

पहिल्या खेपेला बाळाची हालचाल १८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान जाणवू लागते, दुसऱ्या खेपेला थोडी आधी. सुरुवातीला ती पोटात गॅस फिरल्यासारखी वाटते, नंतर लाथा स्पष्ट कळतात. २४ आठवडे झाले तरी हालचाल जाणवली नसेल, तर डॉक्टरांना दाखवा.

तुम्हाला जाणवणारे नेहमीचे बदल

* पाठ आणि जांघ दुखणे: उठताना किंवा कूस बदलताना जांघेत क्षणभर चमक येते. गर्भाशयाचे बंध ताणले गेल्याने असे होते. हळू उठा, सपाट चपला वापरा.
* छातीत जळजळ: थोडे थोडे, पण अधिक वेळा खा. रात्रीचे जेवण आणि झोप यांत दोन तासांचे अंतर ठेवा.
* पोटऱ्यांत गोळे येणे: रात्री गोळा आल्यास पाय सरळ करून पावलाची बोटे स्वतःकडे ओढा.
* पायांवर सूज: संध्याकाळी येणारी आणि सकाळपर्यंत उतरणारी घोट्याची सूज सहसा साधी असते.
* पोट मधूनच कडक होणे: अनियमित असेल, दुखत नसेल आणि विश्रांतीने थांबत असेल, तर काळजी नको.

झोपताना कुशीवर झोपा. जाग आल्यावर पाठीवर असल्याचे लक्षात आले, तर घाबरू नका, कूस बदला.

दुखण्यासाठी औषधाच्या दुकानातून परस्पर गोळी घेऊ नका. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी २० आठवड्यांनंतर बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते.

डोहाळजेवणाआधी झाल्याच पाहिजेत अशा तपासण्या

१. रक्तदाब आणि लघवीतील प्रथिने. २० आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त भरला, तर ती दुर्लक्ष करण्याची गोष्ट नाही. सुरुवातीला काहीच त्रास होत नाही, म्हणून प्रत्येक भेटीत तो मोजायलाच हवा. वेळीच उपचार झाले नाहीत, तर झटके येऊ शकतात आणि आई व बाळ दोघांच्या जिवाला धोका होतो.

२. साखरेची तपासणी. पहिल्या भेटीत साखर नॉर्मल आली असली, तरी २४ ते २८ आठवड्यांत ती पुन्हा तपासावी लागते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. आपल्याकडे सरकारी केंद्रांत होणाऱ्या या तपासणीला उपाशी राहावे लागत नाही. साखर १४० किंवा जास्त आली, तर गरोदरपणातील मधुमेह समजतात. पुष्कळ जणींची साखर आहार आणि चालण्यानेच आटोक्यात राहते. 'आमच्या घरात कोणाला शुगर नाही' हे तपासणी टाळण्याचे कारण होऊ शकत नाही.

३. हिमोग्लोबिन. ११ पेक्षा कमी म्हणजे रक्त कमी. लोहाची गोळी चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका, निदान दोन तासांचे अंतर ठेवा. लिंबूपाण्याबरोबर ती चांगली शोषली जाते. शौचाला काळी होते, ते साहजिक आहे. मळमळ होते म्हणून गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टर ती बदलून देऊ शकतात.

४. पोटाची वाढ आणि वजन. २४ आठवड्यांनंतर पोटाची उंची सेंटीमीटरमध्ये साधारण आठवड्यांइतकी भरते. खूप फरक असेल, तर सोनोग्राफी करून बाळाची वाढ पाहतात.

खासगीत जाणे शक्य नसेल, तर दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी रुग्णालयात मोफत तपासणी होते.

आहार: दोघांसाठी नाही

'आता दोन जिवांचे खायचे' हा सल्ला प्रेमाचा असला, तरी दुप्पट खाण्याची गरज नसते. दिवसाला सुमारे ३५० कॅलरी जास्त पुरतात. नेहमीच्या जेवणात एक भाकरी, वाटीभर उसळ आणि वाटीभर दही वाढवले, तरी तेवढे होते. उपवास असेल तर दिवसभर साबुदाण्यावर राहू नका, डॉक्टरांना विचारून ठरवा. सूज आली म्हणून मीठ पूर्ण बंद करू नका. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली नसेल, तर रोज अर्धा तास चाला.

यांपैकी काहीही झाले, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा

* अंगावरून रक्त जाणे किंवा पाण्यासारखा स्राव होणे
* ठरावीक अंतराने पोट कडक होऊन दुखणे, कंबर सतत भरून येणे
* न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक, छातीखाली पोटात वरच्या बाजूला दुखणे
* चेहरा आणि हातांवर अचानक सूज
* ताप, किंवा लघवीला जळजळ
* जाणवू लागलेली हालचाल थांबणे किंवा खूप कमी होणे

झटका आला, बेशुद्धी आली किंवा खूप रक्तस्राव झाला, तर क्षणाचाही विलंब न करता १०८ वर फोन करा.

कळा वेळेआधी सुरू झाल्या, तरी लवकर पोचल्यास करण्यासारखे बरेच असते. औषधांनी प्रसूती एक-दोन दिवस लांबवता येते आणि आईला दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनांनी बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. एवढ्या लहान बाळासाठी नवजात अतिदक्षता विभाग लागतो. तो जवळ कोणत्या रुग्णालयात आहे, हे आजच माहीत करून घ्या.

घरातल्यांसाठी

तिला डोके दुखतेय असे ती म्हणाली, तर आधी रक्तदाब मोजून घ्या, बाम नंतर लावा. तपासणीची फाइल, जवळच्या रुग्णालयाचा फोन नंबर आणि गाडीची सोय तयार ठेवा. पुढच्या तपासणीची तारीख फक्त तिच्याच नाही, घरातल्या आणखी एकाच्या तरी लक्षात असू द्या.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या प्रकृतीनुसार उपचार तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.