मोतीबागचे अबोल मेस्त्री
१८८७ साली नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला. त्याच वर्षी बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीही उभी राहिली. धर्मप्रांताच्या इतिहासात आम्हांस महागुरूंची नावे भेटतात, कंपनीच्या इतिहासात साहेबांची. मोतीबागच्या कारखान्यात छोट्या रेल्वेची इंजिने दुरुस्त करून संसार उभा करणारा मेस्त्री भेटतो तो लेकरांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत, केवळ पिता म्हणून. मोतीबागच्या संग्रहालयात इंजिने जपली आहेत. ती चालती ठेवणारे हात विस्मृतीत चालले आहेत.

शुभवर्तमानांत संत योसेफाच्या तोंडी एकही शब्द नाही. तरीही १९५५ साली पोप बारावे पायस यांनी १ मे हा दिवस श्रमिक योसेफाच्या सणासाठी नेमला. आपल्या घरातील अशा अबोल मेस्त्रींचे काम व संसार आपणच लिहून ठेवू या. त्यावाचून धर्मग्रामाचा इतिहास अपुराच राहील.