चेंबूरचे सांडपाणी आणि शहापूरची तहान

१/ मुंबईने आपली तहान नेहमीच दुरून भागवली. १८६० मध्ये विहार, १८९२ मध्ये तानसा, पुढे वैतरणा आणि भातसा. वापरलेले पाणी मात्र नाल्यांतून खाडीत गेले.

२/ चेंबूरचा खत कारखाना १९६५ चा. १९७८ पासून तो ‘राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स’. वाफ आणि शीतकरण यांसाठी त्याला अखंड पाणी हवे. टंचाईत कपातीची टांगती तलवार.

३/ २००० च्या सुमारास कारखान्याने महापालिकेचे मैलापाणी शुद्ध करण्यास आरंभ केला. रोज सुमारे २.२७ कोटी लिटर मैलापाणी आत येते. जिवाणू त्यातील घाण खातात. मग ते गाळून, दाबाने सूक्ष्म पडद्यांतून पार केले जाते. हाती येते सुमारे दीड कोटी लिटर.

४/ माणशी १३५ लिटरच्या मापाने हे एक लाखाहून अधिक माणसांचे रोजचे पाणी. पुढे भारत पेट्रोलियमच्या सहभागाने दुसरे केंद्रही उभे राहिले.

५/ तानसा आणि भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तेथील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. यंत्रांना सांडपाणी पुरते, हे चेंबूरने सिद्ध केले आहे. मग धरणाचे पाणी यंत्रांना का द्यावे?