बंदुकीच्या गोळीत न मावलेला शंकू

महाराष्ट्रातील आधुनिक काडतूस-उद्योगाला 1869 मध्ये खडकीच्या दारूगोळा कारखान्यापासून प्रारंभ झाला, 1964 मध्ये जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या कारखान्याची त्यात भर पडली, आणि ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथला काडतुसाच्या कोशासाठी लागणारे पितळी कप तयार होऊ लागले. या काळात धुराच्या काळ्या दारूची जागा धूरविरहित दारूने घेतली, गोळीचा व्यास घटला. परंतु गोळी मात्र शिसे, पोलाद आणि वरचे तांबेमिश्रित वेष्टन यांपलीकडे फारशी गेली नाही. रणगाडा भेदणारा शेप्ड चार्ज, म्हणजे तोंडाशी शंकूसारखी पोकळी ठेवलेले स्फोटक, तिच्यात कधीच रुजला नाही.

1888 मध्ये अमेरिकी रसायनतज्ज्ञ चार्ल्स मन्रो यांना असे आढळले, की गनकॉटनच्या वडीवर कोरलेली अक्षरे स्फोटानंतर खालच्या लोखंडी पत्र्यावर तशीच खोल उमटतात, म्हणजे पोकळीपाशी स्फोटाची शक्ती एकवटते. पुढे त्या पोकळीला धातूचे पातळ अस्तर देण्यात आले. स्फोटाने चेपलेल्या अस्तराचा अतिवेगवान झोत निघतो आणि तोच पोलाद भेदतो. 1942 पासून वापरात आलेल्या अमेरिकी बझूकाने हे तत्त्व पायदळाच्या खांद्यावर आणले, पण तेही रॉकेटच्या रूपाने.

झोताची भेदनशक्ती शंकूच्या व्यासाच्या पटीत वाढते, आणि 7.62 मिलिमीटर गोळीत कवचाची जाडी वजा जाता शंकूला जेमतेम पाच मिलिमीटर उरतात. एवढ्या छोट्या शंकूत अस्तराची जाडी केसभर जरी इकडेतिकडे झाली तरी झोत वाकडा जातो. शिवाय झोत तयार होण्यास लक्ष्यापासून काही अंतर लागते, तर सेकंदाला सुमारे 840 मीटर वेगाने जाणारी गोळी दहा मायक्रोसेकंदांत आठ मिलिमीटर पुढे सरकते. फ्यूजला जाग येण्याआधीच शंकू चेपला जाण्याचा धोका असतो. त्यातच नळीतील चक्राकार खाचा गोळीला सेकंदाला सुमारे 2,700 फेरे देतात, आणि त्या फिरण्याने झोत बाहेर फाकतो. ज्या वेगावर आणि फिरकीवर गोळीचा नेम व मारा अवलंबून असतो, तेच दोन्ही गुण येथे झोताच्या मुळावर उठतात. फ्रेंचांनी 105 मिलिमीटर तोफगोळ्यात आतील स्फोटक बेअरिंगवर बसवून फक्त बाहेरचे कवच फिरू दिले. ही करामत बोटभर काडतुसात बसविणे म्हणजे घड्याळजीलाच सैन्यात भरती करणे होय.

1868 च्या सेंट पीटर्सबर्ग जाहीरनाम्याने युद्धात 400 ग्रॅमपेक्षा हलक्या स्फोटक गोळ्यांवर बंदी घातली होती, आणि ब्रिटन त्यात सामील होते. तरीही निर्णायक ठरला तो हिशेब: चिलखतभेदासाठी कठीण पोलादाचा गाभा पुरेसा असताना लाखोंनी बनणाऱ्या काडतुसात फ्यूज व स्फोटक कोण भरणार? हा हिशेब 40 मिलिमीटर ग्रेनेडपाशी मात्र बदलतो. अमेरिकी एम433 ग्रेनेड नळीतून सेकंदाला सुमारे 76 मीटरच वेगाने निघतो, आणि त्याचा शंकू पाच सेंटिमीटरच्या आसपास पोलाद भेदतो.