विश्वचषक फुटबॉल स्पर्धेतील शिस्त आणि कार्डपद्धतीचा उदय : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

आधुनिक खेळांच्या इतिहासलेखनात विजेते, विक्रम आणि नामवंत खेळाडू यांना जेवढे स्थान मिळते तेवढे नियमांच्या जडणघडणीस मिळत नाही. फुटबॉलमधील पिवळे व लाल कार्ड शिक्षेचे साधन म्हणून सर्वपरिचित आहे. तथापि खेळाडूस ताकीद देणे व त्याला मैदानाबाहेर काढणे हे दोन्ही अधिकार पंचांकडे कार्डांच्या पुष्कळ आधीपासून होते. असे असताना कार्डांची गरज का भासली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सान्तियागो ते वेम्बली :

२ जून १९६२ रोजी चिलीतील सान्तियागो येथे यजमान चिली व इटली यांच्यात सामना झाला. इटालियन वृत्तपत्रांतून चिलीविषयी प्रसिद्ध झालेल्या अवमानकारक मजकुरामुळे वातावरण आधीच तापलेले होते. इंग्लंडचे पंच केन ॲस्टन यांनी सुरुवातीच्या काही मिनिटांतच इटलीच्या फेरिनीस बाहेर जाण्यास फर्माविले. मात्र तो जागचा हलेना. अखेर पोलिसांच्या मदतीने त्यास न्यावे लागले. पुढे चिलीच्या लिओनेल सांचेझने इटलीच्या मारिओ डेव्हिडला ठोसा लगावला, तरी सांचेझ मैदानावरच राहिला. त्यानंतर त्याला लाथ मारणाऱ्या डेव्हिडला मात्र बाहेर जावे लागले. चिलीने सामना २-० असा जिंकला. इटलीचा रोष निराधार होता असे म्हणता येत नाही.

चार वर्षांनी, २३ जुलै १९६६ रोजी, लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंड व अर्जेंटिना यांच्यातील उपांत्यपूर्व सामन्यात अधिक मूलभूत अडचण पुढे आली. पश्चिम जर्मनीचे पंच रुडॉल्फ क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार अंतोनिओ रातिन यास बाहेर काढले. पंचांना स्पॅनिश येत नव्हते आणि रातिनला जर्मन येत नव्हते. आपण दुभाषी मागत होतो, असे रातिनचे म्हणणे होते. कित्येक मिनिटे खेळ खोळंबला. त्याच सामन्यात आपणास ताकीद मिळाल्याचे इंग्लंडच्या चार्ल्टन बंधूंना मैदानावर उमगलेच नाही. ते नंतर वृत्तपत्रांतून कळले. ज्याला शिक्षा झाली त्यालाच ती ठाऊक नसावी, हा प्रकार कोणत्याही न्यायव्यवस्थेत विचित्रच म्हणावा लागेल.

या स्पर्धेत पंचांच्या व्यवस्थेची जबाबदारी ॲस्टन यांच्याकडेच होती. मोटारीने घरी परतत असता केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवरील वाहतूक दिवे पाहून त्यांना रंगांची कल्पना सुचली : पिवळा म्हणजे सावधान, लाल म्हणजे थांबा. यावरून कार्ड हे मुळात शिक्षेपेक्षा भाषेच्या अडचणीवरील उत्तर होते, हे स्पष्ट होते.

कार्डांचा प्रत्यक्ष वापर :

३१ मे १९७० रोजी मेक्सिको व सोव्हिएत संघ यांच्यातील उद्घाटनाच्या सामन्यात पिवळे कार्ड प्रथम दिसले. त्या स्पर्धेत लाल कार्ड एकदाही निघाले नाही. ते १४ जून १९७४ रोजी पश्चिम बर्लिन येथे तुर्कस्तानचे पंच दोआन बाबाजान यांनी चिलीच्या कार्लोस काझेलीस दाखविले.

कार्डांनी खुणेचा प्रश्न सोडविला. परंतु नोंदीचा सोडविला नाही. २००६ साली श्टुटगार्ट येथे क्रोएशियाच्या योसिप शिमुनिचला पंच ग्रॅहम पोल यांनी दुसरे पिवळे कार्ड दाखविले, पण वहीत ते ऑस्ट्रेलियाच्या त्याच क्रमांकाच्या खेळाडूच्या नावे मांडले. शिमुनिच बाहेर गेला तो तिसऱ्या कार्डानंतर. पंचांच्या नजरेतून जे निसटले त्याचाही प्रश्न राहिलाच. १९९४ साली स्पेनच्या लुईस एन्रिकेला कोपर मारणाऱ्या इटलीच्या मौरो तासोत्तीस मैदानावर काहीच शिक्षा झाली नाही. नंतर चित्रफितीच्या आधारे त्याच्यावर आठ सामन्यांची बंदी घालण्यात आली.

कार्डांचा हिशेब :

कालांतराने कार्डांची बेरीज होऊ लागली आणि एका सामन्यातील कृत्याचे परिणाम दुसऱ्या सामन्यावर पडू लागले. २००२ च्या उपांत्य सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध जर्मनीच्या मिखाएल बालाकला ७१ व्या मिनिटास पिवळे कार्ड मिळाले. बाद फेरीतील आधीच्या कार्डासह ही दोन झाल्याने त्याचा अंतिम सामना हुकला. चारच मिनिटांनी त्याने संघास अंतिम फेरीत नेणारा गोल केला! २०१० पासून उपांत्यपूर्व फेरीनंतर एकेकटी पिवळी कार्डे रद्द करण्याची तरतूद झाली. ही सुधारणा उशिराच झाली, असे म्हणावयास हवे.

हिशेबाचे टोक २०१८ साली रशियात गाठले गेले. जपान व सेनेगल यांचे गुण, गोलफरक आणि एकूण गोल समान होते. परस्परांतील सामनाही २-२ असा बरोबरीत सुटला होता. जपानची पिवळी कार्डे ४, सेनेगलची ६. २८ जून रोजी व्होल्गोग्राद येथे जपान पोलंडकडून ०-१ ने मागे होता. पण तिकडे कोलंबियाने सेनेगलवर आघाडी घेतल्याचे कळताच जपानी खेळाडूंनी बरोबरीचा प्रयत्न सोडून दिला आणि अंगाला अंग लागू न देता चेंडू आपापसांत फिरवत ठेवला. प्रेक्षकांनी हुर्यो उडविली. जपान पुढील फेरीत गेला, आणि कार्डांच्या संख्येवरून विश्वचषकातून बाहेर पडणारा सेनेगल हा पहिला संघ ठरला.