बायबल-चिंतन, मराठी

बायबलमधील एखादा उतारा घेऊन उपासना व विश्वास यांवर केलेले मनन. प्रवचन, गीत, कीर्तन आणि घरोघरच्या प्रार्थनासभा ही त्याची प्रचलित रूपे. उपासनेसंबंधी योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय (शोमरोनी स्त्रीशी विहिरीवर झालेला संवाद, अमुक डोंगर की यरुशलेम, या वादापेक्षा भजणाऱ्याचा आत्मा व सत्य महत्त्वाचे) आणि रोमकरांस पत्राचा बारावा, तर विश्वासासंबंधी इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय वारंवार घेतात. मराठीत हे चिंतन गद्यापेक्षा पद्यात अधिक खोल गेले. वाङ्मयेतिहासांत मात्र त्याला मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही.

ख्रिस्तपुराण : या परंपरेतील सर्वांत मोठा ग्रंथ. कर्ते फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९), इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट. १५७९ मध्ये गोव्यात आले. ग्रंथ १६१६ मध्ये तेथील रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा निघाला. ‘पैले पुराण’ (३६ अवस्वर म्हणजे अध्याय) जुन्या करारावर, ‘दुसरे पुराण’ (५९ अवस्वर) ख्रिस्तचरित्रावर. एकूण सुमारे अकरा हजार ओव्या. नव्याने ख्रिस्ती झालेल्या ज्या लोकांची पुराणश्रवणाची सवय सुटली होती, त्यांच्यासाठी तो रचला गेला. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणण्यास स्टीफन्स कचरत नाहीत. लंडनमधील देवनागरी हस्तलिखित आणि छापील प्रत यांचा परस्परसंबंध काय, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

भाषांतरे : विल्यम कॅरी यांनी १८०५ मध्ये बंगालमधील श्रीरामपूरहून मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत आणले. पंडिता रमाबाई यांनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून केलेले संपूर्ण बायबल त्यांच्या निधनानंतर (१९२२) केडगावच्या मुक्ती मिशनने १९२४ मध्ये प्रसिद्ध केले. साध्या बायाबापड्यांना कळावे हा त्यांचा आग्रह होता. हिंदू धर्मकल्पनांशी निगडित शब्द त्यांनी टाळले. या बाबतीत त्यांची वाट स्टीफन्स व कवी नारायण वामन टिळक यांच्या वाटेच्या नेमकी उलट जाते.

भजन व कीर्तन : अहमदनगरकडील अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती कीर्तन रुजले. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९, बाप्तिस्मा १८९५) यांच्यावर डोंगरावरील प्रवचनाचा ठसा खोल होता. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांच्या अभंगांत विश्वास हा सिद्धांत म्हणून येत नाही, जिव्हाळ्याचे नाते म्हणून येतो. म्हणूनच मंडळीत ते आजही गायले जातात. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रपर काव्य अपुरे राहिले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांनी ते पुढे नेले. १९१७ मध्ये टिळकांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला. प्रचलित गीतसंग्रह : ‘उपासना संगीत’.

कॅथलिक परंपरा : वाचने पूजाविधीच्या वार्षिक क्रमानुसार ठरतात.

यवतमाळ जिल्हा : वऱ्हाडच्या या भागात प्रॉटेस्टंट कार्य प्रामुख्याने अमेरिकेतील फ्री मेथडिस्ट मिशनने केले. त्यांचे पहिले मिशनरी अर्नेस्ट व फीबी वॉर्ड १८८१ मध्ये भारतात आले. यवतमाळ येथे १९५३ मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी स्थापन झाली आणि पाळकांच्या शिक्षणाचे केंद्र बनली. १९८३ मध्ये ती पुण्यास हलविण्यात आली.