भिंतीवर कोण? आपल्या घरातल्या तसबिरींची दीडशे वर्षं

घर नवीन घेतलेलं असो, भाड्याचं असो, की चाळ पाडून टॉवरमध्ये मिळालेलं असो, सामान लागलं की एक दिवस घरात वाद होतोच. आजोबांचा फोटो हॉलमध्ये लावायचा की आतल्या खोलीत? आजीने विणलेलं ते मोरांचं भरतकाम नव्या रंगाशी जुळत नाही, मग काय करायचं? देवाच्या तसबिरी किती ठेवायच्या? आणि सगळ्यात शेवटी, ‘भिंतीला भोक पाडायचंच कशाला?’

आजच्या भागात या वादाचा इतिहास बघू. कारण भिंतीवर चौकट टांगायची आपली सवय आपल्याला वाटते तेवढी जुनी नाही. सामान्य माणसाच्या घरात ती आली त्याला साधारण दीडशे वर्षं झाली. आणि या दीडशे वर्षांत भिंतीवर कोण जाणार, हा प्रश्न कधीच फक्त सजावटीचा नव्हता.

आधी काय होतं? चित्रं होती, पण ती भिंतीवर टांगलेली नव्हती. वारली पाड्यांवर लग्न ठरलं की गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचे. हो, ‘लिहायचे’ हाच शब्द. ते काम सवाष्ण बायकांचं. चित्र लग्नासाठी असायचं, पुढे पावसात आणि सारवणात ते विरून गेलं तरी कुणाची हरकत नसायची. तिकडे कुडाळजवळच्या पिंगुळीत चित्रकथींची चित्रं पोथीसारखी बांधून ठेवलेली असत. रात्री गोष्ट सांगताना एकेक चित्र पुढे यायचं आणि गोष्ट संपली की पुन्हा बासनात. श्रीमंतांचं वेगळं. नाना फडणवीसांच्या मेणवलीच्या वाड्यात भिंतींवरच चित्रं रंगवलेली आहेत. पण ती वाड्याची. वाडा सोडला की चित्रं मागे राहिली.

म्हणजे घर बदलताना सोबत नेता येईल असं चित्र साध्या घराकडे फारसं नव्हतंच.

ते आलं दगडातून. अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत आलोइस झेनेफेल्डर याने शिळाछापाची युक्ती शोधली. एका खास चुनखडीच्या दगडावर चरबीयुक्त शाईने चित्र काढायचं आणि दगड ओला करायचा. तेल आणि पाणी एकत्र येत नाहीत, त्यामुळे वरून फिरवलेली छपाईची शाई फक्त चित्राला धरते. रंगीत चित्र हवं असेल तर प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड. खटाटोप मोठा, पण एकदा दगड तयार झाले की प्रती कितीही काढा.

पुण्यात 1878 साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा छापखाना सुरू केला. हेच ते ‘निबंधमाला’वाले चिपळूणकर. पुढे न्यू इंग्लिश स्कूल आणि ‘केसरी’ यांच्या स्थापनेतही ते होते. शाळा, वर्तमानपत्र आणि चित्रं, तिन्हीकडे एकाच माणसाचा हात! चित्रशाळेतून देवादिकांची चित्रं तर निघालीच, पण नाना फडणवीसांसारखी इतिहासातली माणसंही छापली गेली. पेशवाई जाऊन तेव्हा साठ वर्षं झाली होती. ज्यांचं नाव फक्त गोष्टीत ऐकलं, त्यांचा चेहरा आता रोज समोर दिसू लागला.

मग आले राजा रविवर्मा. केरळमधल्या किळिमानूरचे, पण बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांच्याकडून पौराणिक चित्रांची मालिका करून घेतली होती. त्यांच्या चित्रांना मागणी इतकी, की एका माणसाच्या हातून ती पुरी होणं शक्य नव्हतं. ही चित्रं युरोपात छापून घ्या, असं सर टी. माधवराव यांनी त्यांना 1884 मध्येच सुचवलं होतं. शेवटी 1894 मध्ये मुंबईत गिरगावला त्यांचा स्वतःचा छापखाना उभा राहिला. यंत्रं जर्मनीची, तंत्रज्ञही जर्मन. पहिलं छापील चित्र शकुंतलेच्या जन्माचं. प्लेगच्या काळात छापखाना मुंबईतून हलला आणि लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पुढे तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. दादासाहेब फाळके यांनीही सिनेमात येण्याआधी काही काळ या छापखान्यासाठी काम केलं होतं. 1972 साली तो आगीत जळाला.

पण त्याआधी काय घडलं होतं बघा. कमळावर उभी लक्ष्मी आणि वीणा घेतलेली सरस्वती घराघरांत पोचली होती. आज ‘लक्ष्मी’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर जो चेहरा येतो, त्यात या छापखान्याचा वाटा मोठा आहे.

आता इथे थांबून एक विचार करा. ज्या काळात ही चित्रं छापली जात होती, त्या काळात अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना देवळात पाय ठेवता येत नव्हता. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह 1930 चा, म्हणजे गिरगावचा छापखाना सुरू झाल्यानंतर 36 वर्षांनी! देवळातला देव बंद दाराआड होता. कागदावरच्या देवाला मात्र कुणी पुजारी मध्ये लागत नव्हता. विकत घ्यायचा, चौकटीत घालायचा, खिळ्याला टांगायचा.

आणि मग ती भिंत पुन्हा बदलली. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली. त्या 22 प्रतिज्ञांमध्ये ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण, गौरी-गणपती यांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही, असं स्पष्ट आहे. ही प्रतिज्ञा घरात आणायची म्हणजे काय करायचं? तर भिंतीवरच्या तसबिरी उतरवायच्या. त्या जागी बुद्ध आले. आणि 6 डिसेंबरला बाबासाहेब गेल्यावर त्यांचा फोटो आला. पुढे कित्येक घरांत सावित्रीबाई आणि जोतिबाही आले. दहा बाय बाराच्या खोलीत एक खिळा मोकळा करून त्यावर दुसरी चौकट लावणं, हा त्या घराने उघडपणे घेतलेला निर्णय होता. दारातून आत आलेल्या माणसाला ते घर काही न बोलता सांगत होतं, की आम्ही कोण.

सत्तेलाही भिंतीची ताकद कळत होती. 1931 साली भगतसिंगांच्या फाशीनंतर त्यांची जी छापील चित्रं निघाली, त्यातल्या अनेकांवर इंग्रज सरकारने बंदी घातली.

देव आणि पुढारी झाले, आता घरचे लोक. फोटोग्राफी भारतात लवकर आली. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी 1854 ची. पण स्टुडिओत जाऊन फोटो काढणं सामान्य घराला परवडायला खूप काळ लागला. त्यामुळे जुन्या अनेक घरांत एखाद्या माणसाचा आयुष्यभरात एकच फोटो असायचा. बायकांचा तर तोही लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापून मोठा केलेला. तो हार घालून भिंतीवर गेला की त्या माणसाचं जाणं पक्कं व्हायचं. म्हणूनच जिवंत माणसाच्या फोटोला हार घातला की आजही म्हातारी माणसं ओरडतात.

या तसबिरी लावायची पद्धतही वेगळी होती. पार वर, आढ्याजवळ, दोरीने टांगलेल्या आणि पुढे झुकलेल्या. खाली जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्याला त्या नीट दिसायच्या. आणि मागे जी फट राहायची, तिथे चिमण्या घरटं करायच्या. तुमच्या आजीला विचारा, काड्या झाडून झाडून ती किती वैतागायची!

आणि या सगळ्यात घरच्या बायकांची कला कुठे होती? दारावर मण्यांचं तोरण, रेडिओवर क्रोशाचा रुमाल, काचेच्या चौकटीत टाक्याटाक्यांनी भरलेला पोपट किंवा ‘सुस्वागतम्’. रविवर्म्यांचं नाव चित्राखाली छापलेलं असायचं. पोपटाखाली नाव क्वचितच दिसतं. म्हणून घर बदलताना रद्दीत आधी पोपटच जातो.

आज हे सगळं पुन्हा एकदा उतरतंय. मुंबईच्या बीडीडी चाळींचंच बघा. 1920 च्या दशकात बांधलेल्या, 160 चौरस फुटांच्या खोल्या. त्यांच्या जागी 500 चौरस फुटांचे फ्लॅट होत आहेत आणि वरळीत 2025 मध्ये चाव्या मिळायलाही लागल्या. जागा तिपटीने वाढली, पण भिंत मोकळी राहतेय. एक कारण साधं आहे. नव्या टॉवरमध्ये भिंती बऱ्याचदा सलग काँक्रीटच्या असतात. हातोडीने खिळा वाकतो, भिंत हलत नाही. हॅमर ड्रिल आणि रावळप्लग लागतो. भाड्याच्या घरात तर भोक पाडायलाच बंदी. मग चिकटपट्टीचे हूक येतात आणि जड लाकडी चौकट माळ्यावर जाते. माळ्यावरून ती कुठे जाते, ते आपल्याला माहीत आहे.

आपल्या फोनमध्ये हजारो फोटो आहेत, तरी पणजीचा फोटो एकच आहे. म्हणून या आठवड्यात एवढं करा. तसबीर उतरवली असेल तर ती उन्हात आणि ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नका. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट त्याचा नीट फोटो काढून घ्या. फोटोच्या मागे काठावर, मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने नाव लिहा: कोण, कुठलं गाव, अंदाजे साल. भरतकामाच्या चौकटीमागे ते करणारीचं नाव लिहा. आणि हे लिहिण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा, कारण ही माहिती दुसरीकडे कुठेही मिळणार नाही.

मग भिंतीवर कोण, ते तुम्ही ठरवा. तुमच्या आधीच्या तीन-चार पिढ्यांनीही तेच ठरवलं होतं, आणि त्यातल्या काहींना त्यासाठी बरीच किंमत मोजावी लागली होती.

तुमच्या घरातली सगळ्यात जुनी तसबीर कुणाची आहे? आम्हाला नक्की कळवा. पुढच्या भागात भेटूच. तोपर्यंत ऐकत राहा!